पाण्यापासून किती फूट

किसिमी, फ्लोरिडा
६ मे

प्रिय रेफुहियो मामी,

पाण्यापासून किती फूट लांब बसलं म्हणजे माणूस सुरक्षित असतो? तीन आठवडे हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि मला उत्तर येत नाही.

अकरा वर्षांनी लिहिलेल्या पहिल्या पत्राची सुरुवात अशी करायची नव्हती. आधी तुमची तब्येत विचारायची होती. पण तीन कागद फाडून झाले, म्हणून हा तसाच पुढे लिहिते.

मी इवेलिस, मिग्दालियाची थोरली. तुमचा पत्ता एदगार्दो मामाच्या अंत्यविधीच्या कार्डामागे लिहिलेला होता. त्या दिवशी चर्चमध्ये तुम्ही एका टोकाला होतात आणि आई दुसऱ्या. मी मधल्या बाकाशी उभी राहिले आणि तुमच्याकडे आलेच नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या आठवड्यात मला पदवी मिळाली. आमच्या घरातली पहिलीच. ऑगस्टपासून मी दुसरीच्या वर्गाला शिकवणार आहे. मामा असते तर त्यांनी टोपी माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घातली असती.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये आम्ही घर बदललं. भाडं कमी, तळमजला, आणि मागचं दार उघडलं की गवत, गवतापलीकडे तळं. पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. काठावर मगरीचं चित्र असलेली पाटी आहे. घर घेताना आईने मागचं दार उघडूनच पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने ते कुलूप लावून वर तारेने बांधलं. नाशाली आता चौदा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे, आणि तिला पोहता येत नाही. तुम्हाला कारण सांगायला नको. तीन वर्षांची असताना आपण उतरलो होतो त्या मोटेलच्या पोहण्याच्या तलावातून एका अनोळखी माणसाने तिला वर काढलं तेव्हापासून आईने तिला पाण्याजवळ जाऊ दिलेलं नाही. शाळेची सहल समुद्रावर असली की त्या दिवशी नाशाली हमखास आजारी पडते.

आई नऊ वर्षं इथल्या थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करते. तलावाकडे खिडकी असलेल्या खोल्या ती घेत नाही. त्याबदल्यात रोज दोन खोल्या जास्त साफ करते. नऊ वर्षांच्या किती झाल्या त्या, मी हिशोब करायला बसले आणि मध्येच सोडून दिला.

त्या तलावाकाठी भाड्याने कबाना मिळतात. छप्पर, तिन्ही बाजूंना कापडी पडदे, आत पंखा, छोटा फ्रिज, दोन आरामखुर्च्या. उन्हात बसायचं नसलेल्या लोकांसाठी. माझ्या मनात असं आहे की एक दिवस आपण तो घ्यायचा. रिसॉर्टची पोहणं शिकवणारी बाई नाशालीला उथळ पाण्यात अर्धा तास शिकवेल. आई पडद्याआड सावलीत बसेल. पाहावंसं वाटलं तर पडदा सारायचा, नाही वाटलं तर ओढून घ्यायचा.

पैशाचं मी मांडलं आहे. नऊ नंबरचा कबाना मागच्या रांगेत आहे, दिवसाचे एकशे ऐंशी डॉलर. कामगारांच्या घरच्यांना सोमवार ते गुरुवार पाव भाग सूट, म्हणजे एकशे पस्तीस, वर कर धरून एकशे पंचेचाळीस आणि काही सेंट. शिकवण्याचे चाळीस. पदवीच्या भेटी म्हणून माझ्याकडे दोनशे चाळीस जमले आहेत. उरलेल्यात सगळ्यांचं जेवण आणि तुमचं बसचं तिकीट.

हो, तुमचं. आईच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं. मी पाण्यात नाशालीजवळ असेन. त्या दिवशी जी होती, तिच्याशिवाय आईची भीती दुसऱ्या कुणाला कळणार?

तुमची,
इवेलिस

•

इमोकली
१३ मे

इवेलिस,

पत्र मिळालं. पॅकिंग हाउसमध्ये टोमॅटोच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून वाचलं. सुपरवायझर म्हणाला, "रेफुहियो, प्रेमपत्र आलंय का?" मी म्हटलं, "हो, मेलेल्या नवऱ्याच्या भाचीचं."

पदवीचं ऐकून बरं वाटलं. तुझा मामा टोपी घालून शेजाऱ्यांच्या दारोदार फिरला असता.

पहिली गोष्ट, मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस? माझ्या स्वयंपाकघरात चड्डीवर बसून मक्याची पोळी मागायचीस तेव्हा 'तू' होते. मास्तरीण झालीस म्हणून मी परकी झाले होय?

दुसरी गोष्ट, तुझा हिशोब चुकला आहे. टीप कुठे आहे? कबानात थंड पाणी आणून देणारी, टॉवेल बदलणारी ती पोरं काय हवेवर जगतात? ज्या बाईचं घर उशीवर ठेवलेल्या टीपेवर चाललं, तिची शिकलेली लेक टीप विसरली. निदान तीस डॉलर धर. आणि बर्फ. फ्रिज छोटा म्हणतेस म्हणजे त्यात चार बाटल्या मावतील. तुझी आई भाताचं पातेलं घेऊन आल्याशिवाय राहणार नाही, तुरीच्या दाण्यांचा, मला माहीत आहे. ते कुठे ठेवशील?

तिसरी गोष्ट. मी येणार नाही.

पोरीला पोहायला शिकव. चांगलं आहे. त्यात माझं काय काम? तुझी आई मला बघून कबानात बसणार नाही, बसस्टॉपवर जाऊन बसेल. आणि खरं सांगते, मी पण बसू शकणार नाही. मी अजून बादलीत पाणी घेऊन आंघोळ करते. शॉवरचं पाणी डोळ्यांवर आलं की मला तो पायरीवरचा ओला डाग दिसतो, पोरगी नसलेली पायरी. वय बासष्ट झालं. या वयात धीट व्हायचं म्हणजे फार काम आहे.

तुझ्या आईला माहीत आहे का, तू मला लिहितेस ते?

रेफुहियो

•

किसिमी
२२ मे

प्रिय मामी,

तू. बघ, लिहिलं.

टीप धरली आहे. बर्फाचे पाच डॉलर धरले आहेत. टीपेचं वाचून माझे कान तापले, ते बरोबरच होतं. आणि हो, आईला माहीत आहे.

मी तिथे जाऊन अंतर मोजून आले. आईची कामाची पाळी नसलेल्या दिवशी गेले. नऊ नंबरपासून पाण्यापर्यंत माझी सोळा पावलं, म्हणजे साधारण चाळीस फूट. मध्ये खुर्च्यांच्या तीन रांगा. दोन नंबर अगदी कडेला आहे, पाण्यापासून सहा फूट. तो सगळ्यात महाग. पाण्याच्या जेवढं जवळ तेवढं भाडं जास्त. जगातले बाकीचे लोक जवळ बसायला पैसे देतात, मामी, आणि आई लांब राहायला नऊ वर्षं दोन दोन खोल्या जास्त साफ करते आहे.

आता काय झालं ते लिहिते. शुक्रवारी मी चार वाजता घरी आले. आईचं काम त्याआधीच सुटलं होतं. मागचं दार उघडं होतं आणि तार उलगडून जमिनीवर पडली होती. गवतावर, तळ्याच्या अगदी कडेला, नाशालीच्या चपला होत्या. आणि आई तळ्यात होती.

छातीपर्यंत पाण्यात. कामाच्या गणवेशात, खांद्याला पर्स तशीच. दोन्ही हात पाण्याखाली फिरवत होती, चादरीखाली काही सापडतं का बघावं तसे. मी हाक मारली तर तिने वळून पाहिलं, पण मला ओळखलं नाही. एवढंच म्हणाली, "तळाला हात लागत नाही गं."

नाशाली दोन घरं पलीकडे होती. इंटरनेट वापरायला गेली होती. चपला धुऊन तिनेच उन्हात ठेवल्या होत्या, त्यासाठीच तार सोडली होती. पुढच्या दाराने अनवाणी गेली. एवढंच. चाळीस मिनिटं. वरच्या मजल्यावरचा शेजारी ओरडून मगर मगर म्हणत होता, आणि आई पाण्यात आणखी पुढे चालली होती. मी तिला कॉलरला धरून ओढलं. मलाही धड पोहता येत नाही, हे मला तेव्हा आठवलं.

इतके दिवस मी नाशाली बुडेल म्हणून घाबरत होते. आता तसं नाही. नाशाली कुठेतरी शेजारी बसलेली असेल आणि आई तिला शोधत बुडेल. घरापासून पाणी चाळीस पावलांवर आहे आणि ती रोज एकटी घरी येते.

म्हणून तू ये. मी भीक मागते असं समज.

इवेलिस

•

इमोकली
२९ मे

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग उठून दार लावलं, जसं काही ते तळं माझ्याच मागे आहे.

तुला एक गोष्ट सांगायला हवी. फोनवर सांगता आली असती, पण मी फोनवर बोलत नाही. बोललेल्या शब्दावर माझा भरवसा उरला नाही. लिहिलेला शब्द पुन्हा वाचता येतो.

त्या दिवशी मी पायरीवर बसले होते. नाशाली माझ्या पायांमध्ये, पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत. खोलीत माझ्या मक्याच्या पानांत वाफवायच्या तामालेसचं भांडं शेगडीवर होतं, पाणी आटत आलं असणार. तुझी आई खुर्चीवर होती, फोनवर. तिकडे पोर्तोरिकोत पोन्सेला तुझ्या आजीशी बोलत होती, फोनकार्डावरची मिनिटं संपत आली म्हणून घाईघाईने. मी म्हटलं, "मिग्दालिया, पोरीकडे बघ, मी भांडं उतरवून येते." तिने हात वर केला आणि म्हणाली, "आओरीता."

आमच्याकडे, माझ्या माहेरी मिचोआकानमध्ये, लेकराच्या बाबतीत कुणी आओरीता म्हटलं तर त्याचा अर्थ ह्या क्षणी. 'झालंच, घेतलं मी' असा. म्हणून मी उठले.

पुढचं तुला माहीत आहे. तुझी आई इस्पितळात सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तिला नंतर म्हटलं होतं, नंतर बघते म्हटलं होतं, तरी ही पोरीला टाकून गेली." मला वाटलं, बाई खोटं बोलते आहे. मनात म्हटलं, मिग्दालिया, देव बघतो आहे. मग त्याच कॉरिडॉरमध्ये एक नर्स आली, तुमच्याकडचीच, पोर्तोरिकोची. तुझ्या मामाला म्हणाली, "बसा, डॉक्टर आओरीता येतील." आम्ही बसलो. डॉक्टर दोन तासांनी आले. आणि मला समजलं.

तुमच्या बेटावर आओरीता म्हणजे नंतर. बारा वर्षं तुझ्या मामाबरोबर संसार केला आणि हा एक शब्द मला कुणी सांगितला नव्हता. त्याला तर बिचाऱ्याला माझ्या बोलीची सवय झाली होती.

म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. नंतर म्हणायचं होतं, आणि म्हटलं पण नंतरच, तिच्या बोलीत. फक्त मला उलट ऐकू आलं.

मी तेव्हा बोलले का नाही, असं तू विचारशील. बोलले असते तर दोष माझ्या कानातून निघून तुझ्या आईच्या तोंडात गेला असता. शब्द तिचा होता. पोरगी वाचली होती, आणि त्या पोरीचं तोंड तिला रोज बघायचं होतं. मला नव्हतं बघायचं. मग म्हटलं, मी जाते. एदगार्दोला इमोकलीत काम मिळतच होतं.

पाकिटात साठ डॉलर आहेत, वीस वीसच्या तीन नोटा. टीप आणि बर्फासाठी. आणि एक लाल दोरा आहे, मी विणलेला. पाण्याजवळ जी लक्ष ठेवेल तिच्या मनगटात तो बांधायचा. उठायचं असेल तर दोरा सोडून दुसरीच्या हातात बांधायचा आणि मगच उठायचं. बोलायचं काही नाही. हाताने हातात.

मी येईन. एका अटीवर. तुझ्या आईने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली पाहिजे. तिला माहीत आहे म्हणतेस ना, मग एक ओळ काही जड नाही.

रेफुहियो

•

किसिमी
३ जून

मामी,

मी खोटं लिहिलं होतं. आईला काहीच माहीत नाही. तुझी पत्रं माझ्या प्रात्यक्षिकाच्या शाळेच्या पत्त्यावर मागवते आणि वह्यांच्या पेटीत ठेवते.

आणि ते लहान खोटं आहे.

तू लिहिलंस की तुला तो शब्द कुणी सांगितला नव्हता. मला तो माहीत होता. तेरा वर्षांची होते मी. तुझ्या घरी आओरीता म्हटलं की ताट लगेच समोर यायचं, आमच्या घरी म्हटलं की तासाने. मी आणि शाळेतल्या मैत्रिणी त्यावर हसायचो. कुणाच्या घरी कुठलं आओरीता चालतं ते मला पाठ होतं. आईला दोन्ही कळत नव्हते, तुला दोन्ही कळत नव्हते, घरात मला एकटीला कळत होते.

मी शिडीपाशी पाण्यात होते. तू विचारलेलं ऐकलं, आईने म्हटलेलं ऐकलं, तुला उठताना पाहिलं. मला हसू आलं, मामी. खरंच हसू आलं. वाटलं, आता दोघींची गंमत होणार, आई फोन ठेवून म्हणेल ही कुठे गेली. मला फक्त तुला हाक मारायची होती. पण सकाळी तू मला सगळ्यांसमोर केस विंचरायला बसवलं होतंस म्हणून मी रुसले होते. मी नाक दाबून पाण्याखाली गेले, श्वास किती वेळ टिकतो ते मोजायला. एक्केचाळीसपर्यंत मोजले. वर आले तेव्हा पायरी रिकामी होती.

ते एक्केचाळीस मी कुणाला सांगितलेले नाहीत. अजून वर्गात मुलांना मोजायला शिकवताना चाळिशीच्या आसपास माझा आवाज बदलतो. प्रात्यक्षिकाच्या बाईंनी ते एकदा टिपलंही होतं, "इथे घाई करू नका" म्हणून.

मी आईला सांगणार आहे. सांगायलाच हवं. अकरा वर्षं तुला दोष, तो तुझा नव्हता. तिला वाटतं की माणसं पोरं टाकून निघून जातात, म्हणून ती कुणावर विश्वास टाकत नाही. तसं झालंच नव्हतं. हे तिला कळलं तर कदाचित ती दार बांधणार नाही.

पण मला भीती वाटते. तिला हे कळेल की हा शब्द तिचा होता, आणि ऐकणारी मी होते. मग या घरात ती कुणाकडे बघेल?

इवेलिस

•

इमोकली
७ जून

इवेलिस,

सांगू नकोस.

तू तेरा वर्षांची होतीस. तेरा वर्षांच्या मुली रुसतात, पाण्याखाली जाऊन आकडे मोजतात, तेच त्यांचं काम असतं. लक्ष ठेवणं मोठ्या बायकांचं काम होतं आणि त्या दोन होत्या. त्यापलीकडे मला काही म्हणायचं नाही, आणि हे पत्र वाचून झाल्यावर तूही म्हणायचं नाहीस.

आईचं मात्र ऐक. तिची भीती तिने एका गोष्टीवर उभी केली आहे: रेफुहियो निघून गेली. ती भिंत वाईट आहे, पण तिला टेकून ती अकरा वर्षं उभी आहे. तू ती काढलीस आणि मागे तिचाच शब्द निघाला, तर? तूच लिहिलंस ना, तळ्यात तिने तुला ओळखलं नाही. त्या तळ्याला कुंपण नाही, पोरी. खरं खरं म्हणून नाचू नकोस, मास्तरीणबाई. वर्गात चालतं ते. घरात आधी बघावं लागतं की समोरचा कुठे उभा आहे, काठावर की आत.

मी अकरा वर्षं गप्प राहिले ते वाया घालवू नकोस.

एक ओळ हवी या अटीवरून मी हटत नाही. पण ओळ मिळवायला एवढंच सांग: रेफुहियो म्हातारी झाली, एकटी आहे, भेटू म्हणते. तुझी आई कडक आहे, पण एकट्या बाईला नाही म्हणणारी नाही. नऊ नंबर घे, मागचा. पडदा ओढून बसू. ती मला दोष देईल, मी ऐकून घेईन, तू पोरीला पाण्यात सांभाळ. जमेल सगळं.

दोरा जपून ठेव.

रेफुहियो

•

किसिमी
१४ जून

प्रिय मामी,

तू नको म्हणालीस आणि मी तुझं ऐकलं नाही. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

मी चार दिवस तुझं म्हणणं मनात घोळवत होते. मंगळवारी आई कामाला निघताना मी तुझी तिन्ही पत्रं तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. मी काय लिहिलं होतं तेही पुन्हा लिहून काढलं, एक्केचाळीससकट, आणि ते सगळ्यात वर ठेवलं, म्हणजे ती आधी माझ्यावर रागावेल. ती गेल्यावर पाच मिनिटांत मला कळलं की मी किती भयंकर गोष्ट केली आहे. मी तिच्या मागे धावले. बस गेली होती.

मग मी नाशालीला शेजारी बसवून ठेवलं, मागच्या दारापुढे खुर्ची ओढली आणि तिथेच दिवसभर बसले. चार वाजले, साडेचार वाजले, आई आली नाही. तू लिहिलं होतंस, काठावर की आत. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पाच वाजता मी रिसॉर्टला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मिग्दालिया? ती तर दुपारीच काम संपवून खाली गेली. तलावाकडे."

मी नाशालीला घेऊन टॅक्सीने गेले, मामी, अकरा डॉलर, ते हिशोबात नव्हते. वाटेत नाशाली म्हणाली, "इवे, तू माझा हात मोडशील." मी तिचा हात इतका घट्ट धरला होता.

आई एका आरामखुर्चीवर बसली होती, गणवेशात, मांडीवर पत्रं. पाण्यापासून फार तर वीस फूट. समोर लोकांची पोरं उड्या मारत होती आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. बाजूच्या खुर्च्यांवरचे ओले टॉवेल तिने सगळे घडी करून ठेवले होते, रिसॉर्टच्या पद्धतीने, तीन घड्या. वीस-पंचवीस तरी असतील. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाली, "मी नक्की तोच शब्द म्हटला?"

मी म्हटलं, "हो."

"नंतर असं नाही म्हटलं?"

"नाही. आओरीता म्हटलंस."

नाशाली मध्ये उभी होती, तिला कशाचंच काही कळत नव्हतं. मग आई म्हणाली, "त्या कार्डावर चार मिनिटं उरली होती. आई मला काय सांगत होती माहीत आहे? शेजारच्या बाईची कोंबडी." आणि तिने एक टॉवेल उलगडला आणि परत त्याची घडी केली.

माझ्याशी ती काल दिवसभर बोलली नाही. भात वाढला, बोलली नाही. माझं पत्र मात्र तिने माझ्या उशीखाली परत ठेवलं. एक्केचाळीस या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आहे आणि बाजूला लिहिलं आहे, "तू तेरा. मी चौतीस." तिने मला माफ केलं की नाही, ते यावरून मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

आज सकाळी बोलली. मी लाल दोरा टेबलावर ठेवला होता. तिने तो उचलला, दातांनी गाठ मारत मनगटाला बांधला आणि म्हणाली, "कितवा नंबर घेतला आहेस?"

"अजून नाही घेतला. नऊ बघितला होता. चाळीस फूट."

"चाळीस फुटांवरून मी काय बघणार?"

मी म्हटलं, "दोन नंबर सहा फुटांवर आहे, पण तो सूट धरून दोनशे तेरा पडतो. वर शिकवण्याचे चाळीस, टीप, बर्फ."

"रेफुहियोने साठ पाठवले आहेत ना? वाचलं मी." मग म्हणाली, "टीप चाळीस दे. तीस कुणी देतं का, कंजूस बाई."

हे तुला सांगायचं असं तिने सांगितलेलं नाही, पण मी सांगते.

दोरा बांधल्यापासून ती नाशालीच्या मागे मागे खोलीत फिरते आहे आणि नाशाली वैतागली आहे. मागचं दार अजून बांधलेलंच आहे. मी तुला सगळं ठीक झालं असं लिहू शकत नाही. येत्या मंगळवारी कबानात तिने पडदा ओढून घेतला तर? तुला बघून उठून गेली तर? नाशाली पाण्याखाली गेली, फक्त एक क्षण, शिकताना सगळेच जातात, आणि आई आत चालत गेली तर? मला या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचंही येत नाही. एवढंच कळलं आहे की आई चाळीस फुटांवरून बुडत होती.

तू मागितलेली ओळ सोबत आहे. तिने ती माझ्या समोर लिहिली. आधी 'लवकर ये' लिहिलं, मग 'लवकर' हा शब्द इतका खोडला की कागद फाटला, आणि खाली कॅलेंडरकडे बघून लिहिलं:

"रेफुहियो, मंगळवार १९ जून, सकाळी साडेनऊ वाजता. मिग्दालिया."

दोन नंबर मी दुपारी माझ्या नावाने घेतला. पाच दिवसांच्या आत रद्द केला तर पैसे परत मिळत नाहीत, आणि आज बरोबर पाचवा दिवस आहे. पावती तुझ्या तिकिटासोबत पाकिटात आहे.

तुझी,
इवेलिस